उन्हाळ्याचे भाडेकरू

मार्टिन्स हेवन ही वेल्सच्या नैऋत्य टोकाला असलेली एक चिमुकली खाडी. तिचं तोंड उत्तरेला आहे. बाब तशी किरकोळ, पण पेंब्रोकशरच्या या किनाऱ्यावर सुट्टीसाठी घर घेणाऱ्याचा सगळा आठवडा तिच्यावर अवलंबून असतो. स्कोमर या समुद्रपक्ष्यांच्या बेटावर जाणारी होडी इथून सुटते. वारा दक्षिणेचा असला तर फारसं बिघडत नाही. उत्तरेचा सुटला की लाटा थेट खाडीत घुसतात आणि त्या दिवसाची होडी रद्द होते. त्यातून सोमवारी बेट बंद. एरवीही दिवसाकाठी २५० माणसांनाच उतरू देतात आणि मे-जूनची तिकिटं खूप आधी संपून जातात. त्यामुळे इथे आलेला माणूस सकाळी उठून ऊन-पाऊस बघत नाही, शेजारच्या परसात वाळत घातलेल्या चादरी कुठल्या दिशेला फडफडताहेत ते बघतो.

माझी भाची स्वान्सीला इस्पितळात डॉक्टर आहे. तिने आणि तिच्या नवऱ्याने मार्लोस गावातलं एक घर शनिवार ते शनिवार घेतलं होतं. तांदूळ, पोहे, मसाले भरलेल्या खोक्यासकट मी त्यांच्या गाडीत बसले. शेवटचा रस्ता इतका अरुंद, की दोन्ही बाजूंच्या उंच बांधांवरची फुलं गाडीच्या आरशाला घासत होती. समोरून ट्रॅक्टर आला की कोणी मागे जायचं याचा एक अलिखित कायदा आहे, तो भाचेजावयांना पाठ होता. (ट्रॅक्टर कधीच मागे जात नाही, एवढाच तो कायदा.) घर दगडी, पांढरं रंगवलेलं, भिंती हातभर जाडीच्या, दार बुटकं. फ्रिजवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक, त्याखाली कचरा वेगळा कसा करायचा याच्या सूचना, आणि खिडकीत पाहुण्यांसाठी ठेवलेली जुनी, जड दुर्बीण. पाहुण्यांच्या वहीत गादी-उशांबद्दल कोणी फारसं लिहिलेलं नव्हतं. कुठल्या तारखेला कुठला पक्षी दिसला आणि होडी का सुटली नाही, हेच पानोपानी.

मार्लोस लहानसं गाव. घड्याळाचा मनोरा, चर्च, पब, आणि भोवती शेतं. पेंब्रोकशरचा हंगामाआधी निघणारा नवा बटाटा नावाजलेला आहे. २०१३ पासून त्याला भौगोलिक मानांकनही आहे. गावाबाहेरच्या पाणथळीत अठराव्या शतकात जळवा पकडत आणि त्या लंडनच्या डॉक्टरांकडे जात. शेजारच्या डेल गावाजवळ ७ ऑगस्ट १४८५ रोजी हेन्री ट्यूडर फ्रान्सहून येऊन उतरला आणि पंधरा दिवसांनी बॉसवर्थची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला. इथल्या बेटांची नावं, स्कोमर, स्कोकहोम, ग्रासहोम, ही व्हायकिंगांच्या वेळची. कानांवर वेल्श पडावी असं वाटत असेल तर मात्र जिल्ह्याच्या उत्तरेला जायला हवं. या दक्षिण भागात शेकडो वर्षं इंग्रजीच बोलली जाते.

होडी नसली तरी दिवस वाया जात नाही. मार्टिन्स हेवनच्या माथ्यावर एक मोकळं टोक आहे, त्याला डिअर पार्क म्हणतात. तिथे हरीण एकही नाही. वेल्श डोंगरी तट्टं मात्र चरत असतात, आणि ती उगाच सोडलेली नाहीत. गवत दाढी केल्यासारखं आखूड राहिलं तरच चफला किडे आणि मुंग्या वेचता येतात. चफ म्हणजे लाल चोचीचा, लाल पायांचा कावळा. लडाख-स्पितीत फिरलेल्यांनी तो पाहिलेला असतो. हिमालयात तो सहज दिसतो, ब्रिटनमध्ये मात्र मुख्यतः पश्चिमेच्या कड्यांवर उरला आहे. आम्हाला एक जोडी अगदी जवळून दिसली. एकाने चोच मुळापर्यंत मातीत खुपसली, मान तिरकी करून काहीतरी उपटलं, आणि दुसरा लगेच तेच भोक तपासायला आला. मग दोघं कड्यावरून बेधडक खाली कोसळले आणि वाऱ्यावर पुन्हा वर आले. तट्टांनी चरणं थांबवलं तर काही वर्षांत इथे नेचे आणि काटेरी झुडपं माजतील आणि चफ निघून जाईल. या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ म्हणून जे दिसतं त्याच्यामागे असा कोणाचा ना कोणाचा रोजचा खटाटोप असतो.

चादरी योग्य दिशेला फडफडल्या त्या दिवशी आम्ही लवकर निघालो. होडीत बसण्याआधी पिशव्या तपासून घ्यायची सूचना असते. भाची म्हणाली, “मावशी, पिशवी पूर्ण रिकामी कर. तळाशी हात घालून बघ.” मला वाटलं, दारू किंवा प्लॅस्टिक शोधत असतील. शोधायचा होता उंदीर.

स्कोमर आणि स्कोकहोमवर मोठा उंदीर कधी पोचलाच नाही. बाकी सगळ्याचं मूळ या एका गोष्टीत आहे. इथले पक्षी जमिनीत बिळं करून एकच अंडं घालतात. एक गाभण उंदरीण बेटावर उतरली तर काही वर्षांत वसाहत साफ होऊ शकते. उत्तरेला सेंट डेव्हिड्ससमोरच्या रॅमझी बेटावर तसंच झालं होतं. जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी बिळांत राहणारे पक्षी जवळजवळ संपवले. १९९९-२००० च्या हिवाळ्यात विष ठेवून उंदरांचा नायनाट केला, आणि काही शेकड्यांवर आलेल्या शिअरवॉटर या बिळात राहणाऱ्या समुद्रपक्ष्याच्या जोड्या पुढे हजारोंच्या घरात गेल्या. तेव्हा पिशवीच्या तळाशी हात घालणं हा सोपस्कार नव्हे. मी मसाल्याच्या डब्याची पिशवीसुद्धा झटकून घेतली.

जॅक साउंड नावाच्या खळाळत्या सामुद्रधुनीच्या कडेने होडी पंधराएक मिनिटांत बेटाला लागते. मग ८७ पायऱ्या. पहिल्या वळणावरच रेझरबिल पक्षी हाताच्या अंतरावर बसलेले, माणसांची दखल न घेता. वर पोचलं की बेटावरचे कर्मचारी दोन-चार वाक्यांत नियम सांगतात. त्यातला मुख्य असा, की पायवाट सोडायची नाही. बेटाची जमीन आतून पोखरलेली आहे. मध्ययुगात मांसासाठी आणि कातड्यासाठी सोडलेल्या सशांनी ती पोखरायला सुरुवात केली आणि पक्ष्यांनी पुढे चालवली. पाऊल बाहेर पडलं तर बिळाचं छत कोसळतं आणि आतलं अंडं किंवा पिल्लू गाडलं जातं. मे महिन्यात याच जमिनीवर ब्लूबेल फुलांचा निळा आणि रेड कॅम्पियन फुलांचा गुलाबी रंग एकमेकांत मिसळून पसरलेला असतो. १९५० पर्यंत इथे शेती होती. १९५९ मध्ये बेट राखीव झालं.

दक्षिणेला द विक नावाचा उंच कडा आहे. लोक तिथे पफिन या रंगीत चोचीच्या समुद्रपक्ष्यासाठी जातात. पफिनबद्दल इतकं लिहिलं गेलंय, त्याची चित्रं इतक्या कपांवर आणि चहाच्या टॉवेलांवर आहेत, की प्रत्यक्ष बघताना मी थोडी सावधच होते. पण तो खरोखर पायांत येतो. तोंडात आडव्या धरलेल्या माशांची झालर घेऊन उतरतो, पायवाटेच्या या बाजूला उभा राहतो, आणि पलीकडचं बीळ गाठायला तुमची गर्दी विरळ व्हायची वाट बघतो. उशीर झाला तर कुरव येऊन मासे हिसकावतात, म्हणून माणसांनी मागे सरकून वाट द्यायची असते. २०२५ च्या वसंतात स्कोमरवर ४३,६२६ पफिन मोजले गेले, नोंदी सुरू झाल्यापासूनचा उच्चांक. ब्रिटनमध्ये इतरत्र पफिनची चिंता वाहिली जात असताना इथला हा आकडा दिलासा देतो. एप्रिलमध्ये येतात, जुलैच्या अखेरीला एकदम नाहीसे होतात, आणि हिवाळाभर समुद्रावर राहतात. चोचीवरची ती रंगीत कवचंही तोवर गळून पडलेली असतात.

माझं लक्ष पफिनवरून समोरच्या कड्याकडे वळलं ते वासामुळे. मासळीबाजारात चुन्याची फक्की टाकल्यावर येतो तसा काहीसा वास, आणि त्याच्याबरोबर एक अखंड घरघर. कड्याच्या अरुंद पायऱ्यांवर गिलिमॉट पक्षी खांद्याला खांदा लावून उभे होते. दाटीच्या जागी चौरस मीटरमध्ये वीस-वीस पक्षी मावतात. घरटं नाहीच. उघड्या खडकावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं; कोणाचं निळसर, कोणाचं मातकट, कोणाचं पांढरं, त्यावर शाईच्या रेघोट्या मारल्यासारखी नक्षी. त्या नक्षीवरूनच प्रत्येकीला आपलं अंडं ओळखू येतं. निमुळतं अंडं गोल फिरतं, कड्यावरून घरंगळत नाही, असं वर्षानुवर्षं पुस्तकांत छापलं गेलं. टिम बर्कहेड या शास्त्रज्ञाने ते उलटवलं: उतरत्या खडकावर असं अंडं मुळात स्थिर बसतं, आकाराचा फायदा तिथे आहे.

पिल्लाची गोष्ट तर आणखी अचाट. तीन आठवड्यांचं झालं की, उडता येत नसताना, संध्याकाळच्या वेळी ते कड्यावरून उडी मारतं. खाली पाण्यात बाप हाका मारत असतो. दोघं एकमेकांच्या आवाजावरून भेटतात आणि पोहत खोल समुद्रात निघून जातात. आई मात्र काही दिवस कड्यावरची जागा धरून बसते, पुढच्या वर्षी ती दुसऱ्याने बळकावू नये म्हणून. मुंबईत लोकलने रोज जाणाऱ्याला ही वृत्ती समजावून सांगायला नको.

बर्कहेड १९७२ पासून स्कोमरवरच्या गिलिमॉटांचा अभ्यास करत आले. सुरुवातीला इथे ते दोनेक हजार होते. १९३० च्या दशकातल्या छायाचित्रांवरून मागे जाऊन अंदाज केला तर तेव्हा लाखभर असावेत. मधल्या घसरणीचं मोठं कारण दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांचं तेल. आता संख्या दहापटीहून जास्त वाढली आहे, पण जुन्या लाखाच्या मानाने ती अजून थोडीच. २०१४ मध्ये या कामाचे सरकारी पैसे बंद झाले. तेव्हा त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून मोजणी चालू ठेवली. चार दशकांच्या नोंदीत मध्येच खंड पडला तर तो नंतर कितीही पैशांनी भरून काढता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. मला तो तिथल्या कुठल्याही पक्ष्याइतकाच लक्षात राहिला. तेलाचं संकटही काही इतिहासजमा झालेलं नाही. १५ फेब्रुवारी १९९६ ला याच किनाऱ्यावर, मिलफर्ड हेवनच्या तोंडाशी, ‘सी एम्प्रेस’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि पुढच्या काही दिवसांत ७२ हजार टन कच्चं तेल समुद्रात गेलं. हजारो पक्षी मेले, विशेषतः कॉमन स्कोटर नावाची काळी समुद्री बदकं. पफिन आणि शिअरवॉटर वाचले, कारण ते अजून परतलेले नव्हते. हा अपघात मे महिन्यात झाला असता तर हा लेख लिहिण्यासारखं फारसं काही उरलं नसतं.

बेटावर सगळ्यांत जास्त संख्येने असलेला पक्षी दिवसा आलेल्या माणसाला जिवंत दिसत नाही. दिसतात ते त्याचे अवशेष: पायवाटेलगत पडलेले पंख, छातीच्या हाडाने एकमेकांना जोडलेले, बाकी सगळं खाऊन साफ केलेलं. मँक्स शिअरवॉटरचे पाय शरीराच्या इतके मागे असतात, की जमिनीवर तो धड चालू शकत नाही, पोटावर सरपटतो. काळ्या पाठीचा मोठा कुरव त्याला दिवसाउजेडी गाठून मारतो. म्हणून हे पक्षी अंधार पडल्यावरच बिळाकडे येतात, आणि चांदणं असलं तर फारसे येतही नाहीत. २०१८ च्या गणनेत स्कोमरवर सुमारे साडेतीन लाख जोड्या निघाल्या; जगातले निम्म्याच्या आसपास मँक्स शिअरवॉटर या बेटाच्या आणि त्याच्या शेजारच्या बेटांच्या पोटात उन्हाळा काढतात. हिवाळ्यात अर्जेंटिनाच्या किनाऱ्यासमोर असतात. बेटावर रात्री राहायची सोय आहे, पण तिथली जागा मिळणं लॉटरी लागण्यापैकी. आम्ही संध्याकाळी पुन्हा डिअर पार्कच्या टोकावर जाऊन बसलो. सूर्य मावळायच्या सुमाराला समुद्रावर काळे पट्टे दिसू लागले. दुर्बिणीतून पाहिलं तर प्रत्येक पट्टा म्हणजे पाण्यावर बसलेले हजारो पक्षी, अंधार पडायची वाट बघत थांबलेले. अधूनमधून एखादा पट्टा उठे, पाण्याला पंखांची टोकं टेकतील इतक्या खालून एक वळसा घेई, आणि पुन्हा बसे.

या पक्ष्याचा अभ्यास पुढे नेला तो रोनाल्ड लॉकली या माणसाने. १९२७ मध्ये त्याने स्कोकहोम बेट भाड्याने घेतलं, सशांवर पैसा करायचा बेत होता. तो फसला. पुढच्याच वर्षी ‘अ‍ॅलिस विल्यम्स’ हे जहाज बेटावर येऊन फुटलं आणि त्याचं लाकूड व कोळसा लॉकलीच्या घराला उपयोगी पडला. १९३३ मध्ये त्याने तिथे ब्रिटनमधलं पहिलं पक्षी-निरीक्षण केंद्र सुरू केलं. जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सलीबरोबर त्याने ग्रासहोमच्या गॅनेट पक्ष्यांवर केलेल्या लघुपटाला ऑस्कर मिळालं. ससे पाळून पैसे मिळाले नाहीत, पण सशांवर त्याने लिहिलेलं पुस्तक वाचून रिचर्ड अ‍ॅडम्सला ‘वॉटरशिप डाउन’ कादंबरीसाठी माहिती मिळाली. शिअरवॉटर घराकडे कसे परततात हे बघायला तो त्यांना खोक्यात घालून दूरदूर पाठवी. १९५२ मध्ये बोस्टनच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवणाऱ्या रोझारिओ मॅझीओने असाच एक पक्षी आपल्याबरोबर अमेरिकेला नेला आणि बोस्टनच्या विमानतळावर सोडला. सोडल्याचं पत्र त्याने टाकलं. साडेबारा दिवसांत पाच हजार किलोमीटर कापून पक्षी स्कोकहोमच्या बिळात हजर झाला. पत्र त्यानंतर आलं. उत्तर वेल्समधल्या बार्डसी बेटावर १९५७ साली, पूर्ण वाढ झालेली असताना, पायात कडी घातलेला एक शिअरवॉटर २००८ मध्ये पुन्हा हाती लागला. पन्नास वर्षांहून अधिक काळ तो दर उन्हाळ्याला त्याच बेटावर येत राहिला होता.

ग्रासहोम आम्ही लांबूनच पाहिलं. क्षितिजावर एक पांढरा डाग. तो पांढरा रंग गॅनेटांचा आणि त्यांच्या विष्ठेचा. बेट १९४७ पासून आरएसपीबी या पक्षी-संरक्षण संस्थेच्या ताब्यात आहे. २०२२ च्या बर्ड फ्लूने तिथली वसाहत निम्म्याहून खाली आणली: घरट्यांच्या ३४,४९१ जागांवरून पुढच्या वर्षी १६,४८२. या पक्ष्यांनी घरट्यांत गुंफलेल्या नायलॉनच्या दोऱ्यांत पिल्लं अडकतात, म्हणून दर शरदात काही माणसं बेटावर जाऊन ती कापून सोडवतात. आपल्याकडे वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर पाकोळ्या आणि सुरय वीण घालतात. तिथल्या पाकोळ्यांची घरटी चोरून विकण्याचे प्रकार कोकणातल्या कार्यकर्त्यांनी उघडकीला आणले होते. मोजणं, राखण करणं, वर्षानुवर्षं तेच करत राहणं याला दोन्हीकडे सारखेच कष्ट पडतात. पण दर वर्षी जाणारी माणसं आणि त्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा यांत फरक आहे.

आता घराबद्दल. मार्लोससारख्या गावात उन्हाळ्यात दिवे लागलेली घरं आणि जानेवारीत दिवे लागलेली घरं यांत मोठी तफावत असते. शहरातल्या लोकांनी सुट्टीसाठी घरं घेतली, किमती वाढल्या, गावातल्या तरुणांना घर घेणं परवडेना. वेल्समध्ये या प्रश्नाने एके काळी आगी लावल्या, शब्दशः. डिसेंबर १९७९ पासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ‘मेइब्यॉन ग्लिन्डुर’ या गुप्त गटाने इंग्रजांच्या मालकीची दोनशेहून अधिक सुट्टीतली घरं जाळली. आज लढाई कराच्या नोटिशीवर चालते. पेंब्रोकशरने २०२४ पासून दुसऱ्या घरांवर नेहमीच्या मालमत्ता कराच्या तिप्पट आकारणी केली, मग वर्षभराने ती अडीचपटीवर आणली. सुट्टीला भाड्याने दिलेलं घर धंदा म्हणून धरायचं तर ते वर्षातले किमान १८२ दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेलं असलं पाहिजे, असाही नियम आला. आमच्या घरमालकीणबाई गावातच राहतात, हे घर त्यांच्या सासूचं. त्यांची तक्रार अशी, की लंडनच्या मालकासाठी केलेला नियम त्यांच्याही मानेवर बसला. फेब्रुवारीच्या वादळात इथे १८२ दिवसांचा हिशेब कोण भरून देणार? त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि नियमाचं कारणही पटलं. शेवटी आम्हीही भाड्याच्या घरातच उतरलो होतो. या वादात आम्ही नुसते बघे नव्हतो.

वर्षातले चार महिने येऊन जाणाऱ्या पक्ष्यांना हा किनारा हौसेने मोजतो आणि वर्षातले चार आठवडे येणाऱ्या माणसाला कर लावतो. मला यात विसंगती वाटली नाही. पफिन आपलं बीळ रिकामं ठेवून गेला तरी गावातल्या कोणाची जागा अडत नाही.

शिअरवॉटरची पिल्लं सगळ्यांत शेवटी निघतात, ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर, आईबाप सोडून गेल्यावर, एकटीच. नेमकी त्याच वेळी शरदातली वादळं सुरू होतात. सप्टेंबर २०११ मध्ये अशाच वादळाने शेकडो पिल्लं उत्तरेच्या न्यूगेल किनाऱ्यावर आणून टाकली. वाळूवरून त्यांना उठता येत नाही. गावातले दिवेही त्यांना भुलवतात. तेव्हा किनाऱ्यावरची माणसं ती गोळा करतात, पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवतात आणि वारा पडला की सोडतात. तोवर पर्यटक निघून गेलेले असतात.

निघायच्या शनिवारी आम्ही सूचनांनुसार कचरा वेगळा करत होतो. परसातल्या खोपटात पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत दिसली, म्हणून भाचेजावयांनी तीही रस्त्यावर नेऊन ठेवायला उचलली. चादरी बदलायला आलेल्या घरमालकीणबाईंनी त्यांना तिथेच थांबवलं. ती खोकी सप्टेंबरसाठी आहेत, म्हणाल्या. आमचं तांदळाचं खोकं भाचीने रिकामं केलं, त्यांना दाखवलं, आणि आकार चालेल म्हटल्यावर चळतीवर ठेवून दिलं.